अणूचं केंद्र फुटत का नाही? ‘मेसॉन’ हे नाव सुचवणारे होमी भाभा

अणुकेंद्रातले प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, तरी केंद्र फुटत नाही. १९३५ मध्ये जपानच्या युकावांनी कारण सुचवलं: मध्यम वजनाच्या एका कणाची देवाणघेवाण केंद्राला बांधून ठेवते.

केंब्रिजमध्ये असलेल्या मुंबईकर होमी भाभांनी १९३८ मध्ये या बलाचं गणित पुढे नेलं. १९३९ मध्ये कणासाठी ‘मेसॉन’ हे सुटसुटीत नाव सुचवलं. त्याच वर्षी ते सुट्टीवर भारतात आले, महायुद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली.

१९४७ मध्ये युकावांचा कण सापडला: पायॉन. तो इतका हलका का, हे १९६०च्या सुमारास नाम्बूंनी कायरल म्हणजे डाव्या-उजव्या सममितीतून उलगडलं. आज अणुकेंद्राची अनेक गणितं त्याच आधारावर होतात.

२४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात भाभा गेले. ‘मेसॉन’ हा शब्द मात्र जगभर रुळला.