ताऱ्यांची मर्यादा सांगणारा विद्यार्थी : सुब्रह्मण्यन चंद्रशेखर

वर्गात एखाद्या मुलाने पुस्तकात नसलेलं उत्तर दिलं, तर आपण काय करतो? आधी हसतो, की आधी वही बघतो? उत्तर देण्याआधी चंद्रशेखरांची गोष्ट वाचा.

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोरला झाला. सर सी. व्ही. रामन हे त्यांचे काका. शिक्षण मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात झालं. जुलै १९३० च्या शेवटी १९ वर्षांचा हा मुलगा मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला. प्रवासात वेळ भरपूर होता. त्याने कागद काढले आणि गणित मांडलं.

प्रश्न असा होता : इंधन संपल्यावर तारा आकसतो आणि पृथ्वीएवढा लहान, अतिशय घन असा ‘श्वेत बटू’ होतो. त्यातल्या इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला सावरून धरतो. पण वस्तुमान वाढलं की इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो आणि तो दाब अपुरा पडतो. सूर्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जड श्वेत बटू टिकूच शकत नाही, असं या गणितातून पुढे निघालं. हीच ‘चंद्रशेखर मर्यादा’.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हे मांडलं. लगेच त्यांच्यानंतर आर्थर एडिंग्टन उभे राहिले. ते त्या काळचे सर्वांत मोठे खगोलशास्त्रज्ञ. चंद्रशेखरांच्या कामाकडे ते लक्ष देत असत, आणि त्याच माणसाने भरसभेत त्या निष्कर्षाची थट्टा केली. सभागृह हसलं. चूक कुठे आहे, हे मात्र कुणी दाखवलं नाही. मोठमोठ्या भौतिकशास्त्रज्ञांना खासगीत चंद्रशेखरांचं पटत होतं, पण उघडपणे कुणी बोललं नाही.

चंद्रशेखर भांडत बसले नाहीत. १९३७ साली ते अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेत गेले. १९३९ मध्ये ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला आणि मग दुसऱ्या विषयाकडे वळले. एडिंग्टन यांच्याशी मैत्रीही तोडली नाही. पुढे त्यांच्यावर आदराने व्याख्यानं दिली. यर्किसहून सुमारे १३० किलोमीटर गाडी चालवून ते शिकागोला शिकवायला जात. एका वर्गात म्हणे दोनच विद्यार्थी होते, ली आणि यांग. या दोघांना १९५७ चं नोबेल मिळालं! गुरुजींना मिळालं १९८३ साली.

आता त्या मर्यादेपलीकडे काय आहे ते बघा. पुरेसा जड गाभा कोसळला की न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर बनतं. त्यावर ओढला जाणारा वायू कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरण फेकतो. सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रातही अशीच, पण प्रचंड मोठी कृष्णविवरं असतात. हे किरण आपल्या वातावरणातून खाली येत नाहीत, म्हणून दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. २१ ऑगस्ट १९९५ रोजी चंद्रशेखर गेले. २३ जुलै १९९९ रोजी नासाने अशी एक दुर्बीण अवकाशात सोडली. तिचं नाव ‘चंद्रा’.

लंडनची ती सभा हसली, तेव्हा गणित बरोबर होतं. उद्या वर्गात एखादं वेगळं उत्तर आलं, तर मुलाला एवढंच म्हणू या : ये, फळ्यावर करून दाखव.