विद्यार्थ्यांनी घडवलेला गुरू



क्नूट रॉकनी हे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. आम्ही त्यांच्याविषयी वाचले तेव्हा त्यांच्या विजयांपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीने आमचे मन वेधून घेतले.

रॉकनींचा जन्म १८८८ साली नॉर्वेतील व्हॉस येथे एका लुथरन कुटुंबात झाला. लहानपणीच ते शिकागोला आले. घरची परिस्थिती बेताची होती. टपालखात्यात काही वर्षे नोकरी करून पैसे साठवले आणि १९१० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी नोटर डेम विद्यापीठात प्रवेश घेतला. इंडियाना राज्यातील हे विद्यापीठ पवित्र क्रूस संघाचे फादर एडवर्ड सोरँ यांनी १८४२ साली स्थापन केले होते.

अमेरिकन फुटबॉल आपल्या फुटबॉलहून वेगळा. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात, फेकतात. १९१३ साली रॉकनी आणि त्यांचा सोबती गस डोराय यांच्या लांब पासांच्या बळावर नोटर डेमने बलाढ्य आर्मी संघाला ३५-१३ असे हरवले. पदवीनंतर रॉकनी तेथेच रसायनशास्त्र शिकवू लागले आणि १९१८ साली मुख्य प्रशिक्षक झाले. तेरा हंगामांत १०५ विजय, केवळ १२ पराभव आणि ५ बरोबरी! त्या काळी इंडियानात कॅथोलिकांचा द्वेष करणारी कू क्लक्स क्लॅन ही संघटना जोरात होती. अशा दिवसांत या संघाचे यश म्हणजे अमेरिकेतील गरीब, स्थलांतरित कॅथोलिकांना मोठा आधार वाटे.

पण हा आधार देणारा माणूस स्वतः कॅथोलिक नव्हता. परगावी सामन्याला गेल्यावर आपली मुले झोपमोड करून पहाटे मिस्साला जातात, ख्रिस्तशरीर स्वीकारतात, हे ते पाहत. त्या मुलांच्या श्रद्धेने ते अंतर्मुख झाले, असे सांगतात. २० नोव्हेंबर १९२५ रोजी त्यांनी कॅथोलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला.

३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सस राज्यात विमान कोसळून त्यांचे निधन झाले. वय अवघे ४३. विद्यापीठाच्या पवित्र हृदय चर्चमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला.

त्या मुलांनी गुरूंना प्रवचन दिले नव्हते. ती फक्त वेळेवर उठून मिस्साला गेली. आपणही रविवारी चर्चची वाट धरतो तेव्हा कोणीतरी आपल्याकडे पाहत असते. घरातले मूल असेल, शेजारी असेल. त्यांना आपल्यात काय दिसते?