शार्लट ब्राँटे व तिचीं चिमुकलीं पुस्तकें

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर परगण्यांत हॉवर्थ नांवाचें एक डोंगराळ गांव आहे. गांवाच्या टोंकाला चर्च, चर्चला लागून कबरस्थान, त्याच्या शेजारीं पाद्रीसाहेबांचें दगडी घर, आणि मागें वाऱ्यानें झोडपलेलीं उजाड माळरानें. सन १८२० मध्यें रेव्हरंड पॅट्रिक ब्राँटे हे पत्नी व सहा लहान मुलें यांसह ह्या घरीं राहावयास आले. २१ एप्रिल १८१६ रोजीं जन्मलेली शार्लट ही त्यांची तिसरी कन्या. पुढच्याच वर्षीं मुलांची आई देवाघरीं गेली. १८२५ सालीं, वसतिगृहांतून क्षयाचा विकार घेऊन परतलेल्या दोन्ही थोरल्या बहिणी एकीपाठोपाठ एक वारल्या. नवव्या वर्षीं शार्लट भावंडांत सर्वांत वडील ठरली.

अशा घरांत मुलांनीं दिवस कसे काढावे? ब्राँटेसाहेबांचें वेतन बेताचें. परंतु आयर्लंडांतील गरीब कुटुंबांत जन्मून ते स्वकष्टानें केंब्रिजपर्यंत पोहोंचले होते, व त्यांच्या स्वतःच्या कविताही छापल्या गेल्या होत्या. घरांतील पुस्तकें व वर्तमानपत्रें त्यांनीं मुलांस मोकळेपणीं वाचूं दिलीं. बायबल, इसापनीति, अरबी सुरस गोष्टी, मासिकें, सर्व कांहीं. स्वयंपाकघरांत टॅबी नांवाची वृद्ध मोलकरीण पऱ्यांच्या गोष्टी सांगे, ती शिदोरी निराळीच.

१८२६ च्या जून महिन्यांत ब्राँटेसाहेबांनीं लीड्स शहराहून ब्रॅनवेल ह्या मुलासाठीं बारा लांकडी शिपाई आणिले. चौघां भावंडांनीं एकेक शिपाई उचलला. शार्लटचा झाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ब्रॅनवेलचा बोनापार्ट. आतां शिपायांना राज्य पाहिजे, राज्याला राजधानी पाहिजे, आणि राजधानीला मासिक व कवि नकोत काय? मुलें लिहूं लागलीं. कागद महाग; म्हणून साखरेच्या पुड्यांचे वगैरे कागद कापून व सुईदोऱ्यानें शिवून त्यांनीं पुस्तकें केलीं. हीं आगपेटीएवढीं, म्हणजे शिपायांच्याच मापाचीं! अक्षर छापील वळणाचें व इतकें बारीक कीं भिंगावांचून वाचवत नाहीं. तेराव्या वर्षीं शार्लटनें केलेल्या कवितांच्या एका पुस्तकाच्या नांवांतच वर्णरचनेची चूक आहे. तेंच पुस्तक २०२२ सालीं साडेबारा लक्ष डॉलरांना विकलें जाऊन हॉवर्थच्या त्याच घरीं, म्हणजे आतांच्या संग्रहालयांत, परत आलें.

पालकांनीं ब्राँटेसाहेबांकडे जरा निरखून पाहावें. खेळणें व पुस्तकें आणून देऊन ते बाजूस झाले. आपल्याकडे मुलाची पहिली गोष्ट हातीं पडतांच आपण प्रथम ऱ्हस्व-दीर्घ शोधूं लागतों, आणि दुसरी गोष्ट मग येतच नाहीं.

पुढें शार्लटनें शिक्षिकेची नोकरी केली. १८३७ सालीं कवि सौदी यांनीं तिला पत्रानें कळविलें कीं, वाङ्मय हा स्त्रीचा व्यवसाय नव्हे. तिनें नम्रपणें आभार मानिले व लिहिणें चालू ठेविलें. १८४६ मध्यें तिघी बहिणींनीं टोपणनांवांनीं कविता छापल्या; प्रती खपल्या दोन! त्याच वर्षीं वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं मँचेस्टरला राहिली असतां तिनें ‘जेन एअर’ ही कादंबरी लिहावयास घेतली. १८४७ मध्यें ती गाजली, व त्यानंतरच वडिलांना कळलें कीं लेखिका आपलीच मुलगी.

रोज रात्रीं तिघी बहिणी जेवणाच्या टेबलाभोंवतीं फेऱ्या घालीत आपापलें लेखन एकमेकींस ऐकवीत. १८४८ च्या सप्टेंबरपासून सुमारें आठ महिन्यांत ब्रॅनवेल, एमिली व ॲन हीं तिघें वारलीं. त्यानंतर त्याच टेबलाभोंवतीं शार्लट एकटीच फिरे. तरी हातांतील कादंबरी तिनें पुरी केली.

१८५४ मध्यें वडिलांचे साहाय्यक पाद्री निकल्स यांच्याशीं तिचा विवाह झाला. ३१ मार्च १८५५ रोजीं, ३८ व्या वर्षीं, ती निवर्तली. सहाही मुलांच्या मागें वृद्ध पिता १८६१ पर्यंत जगला. त्यांच्याच विनंतीवरून श्रीमती गॅस्केल यांनीं शार्लटचें चरित्र लिहून १८५७ सालीं प्रसिद्ध केलें, व त्या चिमुकल्या पुस्तकांची हकीगत वाचकांस त्यांतून कळली.