दापोडीच्या बागेचे डॉ. गिब्सन



आपली हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते. डोंगरावरची झाडी गेली की खालचे झरे आटतात, हे आज पाठ्यपुस्तकात असते. १८४० च्या दशकात ही गोष्ट सरकारच्या कानी घालणारे एक अधिकारी होते डॉ. अलेक्झांडर गिब्सन.

त्यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमध्ये झाला. १८२५ मध्ये ते कंपनी सरकारचे डॉक्टर म्हणून मुंबई इलाख्यात आले. मराठी, हिंदी, गुजराती शिकले. दख्खन व खानदेशात देवी टोचण्याचे काम केले. लोकांची भाषा आल्याशिवाय हे काम होणे नाही! १८३८ मध्ये पुण्याजवळील दापोडीची सरकारी बाग त्यांच्याकडे आली. तेथे व जुन्नरजवळ हिवरे येथे त्यांनी औषधी वनस्पती लावल्या. बागेतील वनस्पतींची सुमारे १७० चित्रे त्यांनी एका देशी चित्रकाराकडून काढून घेतली. ती एडिंबरो येथे जपलेली आहेत, चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

१८४७ मध्ये ते इलाख्याचे वनसंरक्षक झाले. बेळगाव जिल्हा तेव्हा याच इलाख्यात होता. खानापूरकडे डोंगरउतारावरची झाडी तोडून, जाळून नाचणी पेरत. तिला कुमरी म्हणत. गिब्सन यांचा कुमरीला विरोध होता. जंगलासाठी ते योग्यच होते. पण सागवान राखायचे ते सरकारी जहाजांसाठीही, आणि कुमरीवर पोट भरणाऱ्यांच्या चुलीचा विचार मागे पडला. हा दोष एकट्या गिब्सन यांचा नव्हे, तरी त्यांचाही आहेच.

१८६० मध्ये ते निवृत्त झाले. पुढल्याच वर्षी डाल्झेल यांच्यासोबत लिहिलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६७ मध्ये त्यांचे निधन झाले.