प्रयोगशाळेतील गुरुदक्षिणा

आषाढ शुद्ध पौर्णिमेला व्यासपूजन करून आपापल्या गुरूंचे स्मरण करण्याची चाल आपल्या देशात फार जुनी आहे. कोणी पादुकांची पूजा करतो, कोणी गुरुचरित्राचे पारायण करतो, कोणी यथाशक्ति दक्षिणा अर्पण करून कृतार्थ होतो. परंतु गुरूने दिलेली विद्या प्रयोगशाळेच्या मेजावर ठेवून ती कसोटीला उतरते की नाही हे पाहण्यातच ज्याने गुरुसेवा मानली, असा शिष्य विरळा. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद हे अशा विरळ्या शिष्यांपैकी एक होत.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. गुजरातेतील डभोई येथे 30 ऑगस्ट 1883 रोजी एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील शिक्षक होते. घरची स्थिती बेताची होती. शिक्षणासाठी त्यांना इतरांच्या साहाय्यावर अवलंबून राहावे लागले. तथापि बुद्धी तल्लख असल्यामुळे 1903 मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पुढे बडोद्याच्या महाविद्यालयात शिकत असताना श्रीअरविंद आणि लोकमान्य टिळक यांच्या राष्ट्रीय विचारांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. देशसेवेसाठी आजन्म ब्रह्मचर्य पाळण्याचा निश्चय त्यांनी तरुणपणीच केला आणि तो अखेरपर्यंत पाळला.

त्यांना दोन गुरू लाभले. पहिले बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव. त्यांच्यापाशी 1907 ते 1910 या काळात गुण्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. शरीर हे तपाचे साधन आहे आणि ते साधन सुदृढ हवे, हा धडा त्यांना तेथे मिळाला. त्यानंतर ते खानदेशात अमळनेरला आले आणि तेथील राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात रमले. विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृतीचे पाठ देता देता ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले.

दुसऱ्या गुरूंची भेट 1919 साली झाली. परमहंस माधवदासजी हे मूळचे बंगालचे योगी नर्मदातीरी मालसर येथे येऊन राहिले होते. त्यांच्या चरणाशी बसून गुण्यांनी आसने, बंध, मुद्रा, क्रिया आणि प्राणायाम यांची दीक्षा घेतली. जे आजवर पोथीत वाचले होते, ते आता देहात अनुभवास येऊ लागले. 1921 मध्ये माधवदासजींनी देह ठेवला. सहवास अवघा दोन वर्षांचा. पण त्या दोन वर्षांनी शिष्याच्या उरलेल्या आयुष्याची दिशा ठरविली.

येथेच त्यांच्या जीवनातील खरा पेच उभा राहिला. हठयोगाचे ग्रंथ प्राण, अपान, नाडी आणि चक्रे यांच्या भाषेत बोलतात. नव्या विद्येत वाढलेला सुशिक्षित वर्ग ही भाषा भ्रामक समजून योगाकडे पाठ फिरवीत होता; तर श्रद्धाळू वर्ग योग्यांच्या चमत्कारांच्या कथांतच दंग होता. दोहोंच्या मध्ये सापडलेली ही विद्या लोप पावण्याची भीती होती. श्रद्धा सोडावी तर गुरूशी द्रोह, आणि बुद्धी सोडावी तर सत्याशी! गुण्यांनी दोन्ही सोडले नाही. गुरूंच्या हयातीतच, 1920 च्या सुमारास, बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान बंध आणि नौली यांची क्ष-किरणांखाली परीक्षा आरंभिली.

या परीक्षेतून जे निष्पन्न झाले ते मोठे उद्बोधक आहे. हठयोगात बस्ती नावाची एक शुद्धिक्रिया आहे. साधक नाभीपर्यंत पाण्यात बसतो आणि नळीवाटे पाणी आपोआप आतड्यात चढते. परंपरेने याचे श्रेय अपानवायूला दिले. कुवलयानंदांनी दाबमापक यंत्र लावून पाहिले. नौली करताना पोटाचे स्नायू विशिष्ट रीतीने आकुंचित झाले की मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, तेथे अंशतः निर्वात अवस्था निर्माण होते, आणि म्हणून पाणी वर ओढले जाते, असे त्यांना आढळले. या निर्वात अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. दक्षिणा म्हणून सोने-नाणे वाहणारे पुष्कळ. प्रयोगाने मिळालेले सत्य गुरूच्या नावे वाहणारा हा शिष्य निराळाच!

अमळनेरचे महाविद्यालय राष्ट्रीय वृत्तीमुळे 1923 मध्ये बंद पडले. त्यानंतर ऑक्टोबर 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. प्रयोग कसा केला, कोणावर केला, आकडे काय आले, हे सर्व त्यात प्रसिद्ध होऊ लागले. गुप्त राखावयाची म्हणून मानलेली विद्या अशा रीतीने वाचकांपुढे खुली झाली. 1927 मध्ये महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीविषयी त्यांचा सल्ला घेतला. 1932 मध्ये मुंबईत संस्थेची शाखा निघाली.

प्राणायामाविषयीची त्यांची भूमिका तर आजही मनन करण्याजोगी आहे. आपल्या मराठीत ऑक्सिजनला प्राणवायू हा शब्द रूढ झाल्यामुळे प्राण म्हणजे प्राणवायू आणि प्राणायाम म्हणजे तो अधिक प्रमाणात छातीत भरून घेणे, असा समज सहज होतो. कुवलयानंदांनी तो मान्य केला नाही. प्राणायामात पूरक, कुंभक आणि रेचक संथ गतीने होतात, त्यामुळे श्वासांची संख्या घटते. तेवढ्याच वेळात सामान्य श्वसनाने मिळतो त्याहून अधिक प्राणवायू यात मिळत नाही, असे त्यांनी 1931 मधील आपल्या ‘प्राणायाम’ या ग्रंथात स्पष्ट केले. त्यांच्या मते प्राणायामाचे मोल अन्यत्र आहे: श्वसनेंद्रियांना लागणाऱ्या वळणात, छाती व उदर यांतील दाबाच्या बदलांत आणि मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात. प्राणवायूची सोपी सबब पुढे केली असती तर योगाचा प्रचार अधिक सुलभ झाला असता. परंतु जे प्रयोगाने सिद्ध होत नाही ते योगाच्या कैवारासाठीही बोलायचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

मग ग्रंथांतील प्राण ही केवळ कल्पनाच समजावयाची काय? तसेही नाही. उपनिषदांनी प्राणाला जीवनाचा आधार म्हटले, ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे वर्णन केले; तो अनुभवाचा प्रांत आहे. कुवलयानंदांनी त्या प्रांताची टवाळी केली नाही आणि यंत्राने प्राण मोजल्याची बढाईही मारली नाही. शरीरस्वास्थ्यासाठी योग करणारा आणि अध्यात्मासाठी साधना करणारा यांच्यात त्यांनी स्पष्ट भेद केला व दोघांना निरनिराळी मर्यादा आखून दिली. श्वास मोजता येतो. त्याच्या आधाराने मन स्थिर होते. त्यापुढचा मार्ग ज्याचा त्याने चालावयाचा असतो. संस्थेला त्यांनी कैवल्य हे नाव दिले, यातच त्यांची अंतिम दृष्टी कोठे होती हे दिसून येते.

मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक कार्यातही त्यांनी पुढाकार घेतला. लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय निघाले, 1961 मध्ये यौगिक रुग्णालय सुरू झाले. 18 एप्रिल 1966 रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांनी लावलेला वृक्ष मात्र बहरतच राहिला. आज योगाचा डंका जगभर वाजत आहे. त्याबरोबर अतिरंजित दावेही उदंड झाले आहेत. चार दिवसांच्या श्वासोच्छ्वासाने सर्व रोग हटविण्याची ग्वाही देणारे गल्लोगल्ली भेटतात. अशा वेळी कुवलयानंदांचे स्मरण विशेष अगत्याचे ठरते.

गुरूवर निष्ठा ठेवावी, पण तिने डोळे मिटू नयेत. शास्त्राची कास धरावी, पण तिने नम्रता सोडू नये, हे त्यांच्या चरित्राचे सार आहे. आजच्या पौर्णिमेला गुरुपूजन करताना आपल्याला मिळालेली विद्या आपण स्वतः किती पारखली, याचाही विचार प्रत्येकाने केला, तर ती पूजा खऱ्या अर्थाने सफल होईल.