नाथमुनी: दहा पाशुरांवरून चार हजारांचा शोध

तमिळनाडूतील कुंभकोणम् हे कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेले मंदिरांचे नगर आहे. तंजावरपासून ते सुमारे ४० किलोमीटर अंतरावर असून शतकाहून अधिक काळ ते तंजावरच्या भोसले घराण्याच्या राज्यात होते. येथील शारंगपाणी मंदिराचे अकरा मजली गोपुर दुरूनच दृष्टीस पडते. गाभाऱ्यातील शेषशायी विष्णूचे तमिळ नाव आरावमुदन, म्हणजे कितीही प्राशन केले तरी तृप्ती होऊ न देणारे अमृत. या देवावर रचलेल्या एका पदसमूहामुळे तमिळ भक्तिगीतांचा फार मोठा ठेवा काळाच्या उदरातून परत मिळाला. तो मिळवणारे आचार्य म्हणजे नाथमुनी.

नाथमुनींचा जन्म वीरनारायणपुरम् येथे झाला. कुंभकोणम्‌च्या ईशान्येस असलेले हे गाव आज काट्टुमन्नारकोविल या नावाने ओळखले जाते. त्यांच्या पित्याचे नाव ईश्वर भट्ट. वैष्णव परंपरा त्यांचा जन्म इसवी सन ८२३च्या सुमारास मानते. मात्र वीरनारायण हे चोळ राजा पहिला परांतक याचे बिरुद होते आणि परांतकाची राजवट ९०७ मध्ये सुरू झाली. त्यामुळे नाथमुनींचा कार्यकाळ दहाव्या शतकात धरणे अभ्यासकांना अधिक सयुक्तिक वाटते. गावाजवळचे विस्तीर्ण वीराणम् सरोवर याच राजाच्या नावाचे आहे. २००४ पासून चेन्नई शहराला त्याचे पाणी पुरवले जाऊ लागले.

गावातील विष्णुमंदिराची सेवा नाथमुनींच्या घराण्याकडे होती. तरुण वयात ते कुटुंबासह उत्तरेच्या यात्रेला गेले आणि मथुरा, वृंदावन, गोवर्धन या परिसरात काही काळ राहिले. यमुनातीराची ती ओढ पुढे त्यांच्या नातवाच्या नावात उतरली. तो नातू म्हणजे श्रीवैष्णव संप्रदायाचे थोर आचार्य यामुनाचार्य.

यात्रेहून परतल्यानंतर नाथमुनी मंदिराच्या कामात गुंतले. एके दिवशी काही यात्रेकरू तेथे आले आणि त्यांनी देवापुढे कुंभकोणम्‌च्या आरावमुदनाची दहा पाशुरे गाइली. पाशुर म्हणजे आळवार संतांच्या रचनेतील एक पद. दहा पदांनंतर समारोपाचे अकरावे पद येते आणि त्यात कवीची नाममुद्रा असते. मराठी वाचकांना अभंगाच्या अखेरच्या चरणातील संतांचे नाव परिचयाचे आहे. ही पद्धत त्याहून फारशी निराळी नाही. त्या अकराव्या पदात कुरुकूरच्या शठकोपाचे, म्हणजेच नम्माळवारांचे नाव होते. शिवाय ही दहा पदे त्यांनी रचलेल्या हजारांपैकी आहेत, असाही उल्लेख होता.

उरलेली पदे कोठे आहेत, अशी पृच्छा नाथमुनींनी केली. यात्रेकरूंना तेवढी दहाच येत होती. ऐकणाऱ्या इतरांच्या लक्षातही न आलेला तो आकडा नाथमुनींना स्वस्थ बसू देईना.

पुढील वृत्तांत गुरुपरंपरेच्या ग्रंथांतून मिळतो. हे ग्रंथ नाथमुनींनंतर सुमारे तीन शतकांनी लिहिले गेले, हे लक्षात ठेवूनच तो वाचायला हवा. नाथमुनी प्रथम कुंभकोणम्‌ला गेले आणि तेथून दक्षिणेकडे ताम्रपर्णीच्या तीरावरील कुरुकूरला, म्हणजे आजच्या आळवारतिरुनगरीला पोहोचले. तेथे त्यांची परांकुशदास यांच्याशी भेट झाली. नम्माळवारांचे शिष्य मधुरकवी यांच्या परंपरेतील हे गृहस्थ होते. हजार पदे आपल्याकडेही उरलेली नाहीत, असे त्यांनी सांगितले. मधुरकवींनी गुरूची स्तुती करण्यासाठी रचलेली अकरा पदे मात्र त्यांना मुखोद्गत होती. ती त्यांनी नाथमुनींना दिली.

ज्या चिंचेखाली नम्माळवार ध्यानस्थ बसत, तिच्या छायेत नाथमुनींनी या अकरा पदांचे बारा हजार वेळा पठण केले. तेव्हा नम्माळवारांनी दर्शन देऊन स्वतःची हजारच नव्हे, तर सर्व आळवारांची मिळून चार हजार पदे अर्थासह दिली, अशी श्रद्धा आहे. ते चिंचेचे झाड आळवारतिरुनगरीच्या मंदिरात आजही दाखवले जाते. इतिहासाच्या अंगाने पाहता, गावोगावी विखुरलेली आणि लोकांच्या कंठात तुकड्यातुकड्यांनी उरलेली पदे कोणी तरी चिकाटीने जमवली, असा या कथेचा अर्थ लावता येतो. इंद्रायणीत बुडालेली तुकोबांची गाथा तरली, या श्रद्धेबरोबरच ती लोकांच्या मुखी जिवंत होती, असेही महाराष्ट्रात मानले जाते. दोन्ही कथांमागची भावना एकच आहे.

नाथमुनींचे खरे कर्तृत्व पदे मिळाल्यानंतर सुरू होते. बारा आळवारांच्या रचना त्यांनी सुमारे हजार-हजार पदांच्या चार भागांत मांडल्या. हाच नालायिर दिव्य प्रबंध होय. संपादक म्हणून त्यांनी केलेली एक विभागणी विशेष महत्त्वाची आहे. जी पदे गाण्याजोगी नव्हती, केवळ पठणाची होती, ती त्यांनी 'इयर्पा' या स्वतंत्र भागात ठेवली. उरलेल्या तीन भागांना पण्, म्हणजे प्राचीन तमिळ संगीतातील रागस्वरूप, आणि ताल यांची जोड दिली. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथ महाराजांची येथे आठवण होते. मात्र नाथमुनींना शब्दांबरोबर सूरही लावायचे होते आणि सूर ताडपत्रावर उतरवणे अवघड होते.

यावर त्यांनी योजलेला उपाय साधा होता. आपल्या दोन भाच्यांना, कीळैयगत्ताळवान आणि मेलैयगत्ताळवान यांना, त्यांनी हे गायन शिकवले. दोन कंठ आणि हातात टाळ, एवढीच त्यांची सामग्री. या दोघांपासून अरैयर ही मंदिरगायकांची परंपरा सुरू झाली, असे मानतात. अरैयर उंच शंक्वाकृती टोपी घालून देवापुढे उभे राहतात, पदे गातात, त्यांचा अभिनय करतात आणि अर्थही उलगडतात. साथीला मृदंग नसतो, तंबोराही नसतो. केवळ टाळ असतात. श्रीरंगम्, श्रीविल्लिपुत्तूर, आळवारतिरुनगरी आणि कर्नाटकातील मेलुकोटे अशा मोजक्या ठिकाणी ही सेवा टिकून राहिली. श्रीरंगम्‌ला मार्गळी महिन्यात वैकुंठ एकादशीच्या आगेमागे दहा दिवस आणि दहा रात्री प्रबंधाचे गायन होते. या उत्सवाला आजचे स्वरूप देण्याचे श्रेय परंपरा नाथमुनींना देते.

नाथमुनींच्या कानाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. चोळ राजाच्या दरबारात असंख्य टाळ एकाच वेळी वाजवण्यात आले आणि केवळ नादावरून त्यांनी प्रत्येक टाळाचे वजन सांगितले. कथेतील दरबार गंगैकोंडचोळपुरम्‌चा आहे आणि ती राजधानी अकराव्या शतकात राजेंद्र चोळाने वसवली. तेव्हा काळाचा मेळ बसत नाही. तरीही एखाद्या तत्त्वज्ञाच्या चरित्रात चमत्कार म्हणून कानाची परीक्षा यावी, हे लक्षणीय आहे.

या कार्याला सामाजिक अंगही होते. नम्माळवार ब्राह्मण नव्हते. ते वेळ्ळाळ या कृषक समाजातील होते. त्यांची तमिळ वाणी वेदाच्या बरोबरीची मानून मंदिराच्या नित्य उपासनेत आणण्याचा प्रघात नाथमुनींच्या परंपरेने पाडला. देवाची स्वारी निघते तेव्हा प्रबंध म्हणणारी मंडळी पुढे चालतात आणि संस्कृत वेद म्हणणारे मागून येतात. कुंभकोणम्‌च्या आरावमुदनाला तर तमिळ वेद दाखवून देणारा म्हणून द्राविडश्रुतिदर्शक असे नाव मिळाले.

नाथमुनींनी न्यायतत्त्व आणि योगरहस्य हे ग्रंथ लिहिले होते. दोन्ही आज उपलब्ध नाहीत. न्यायतत्त्वातील काही अंश वेदांतदेशिकांच्या लेखनात उद्धृत झाल्यामुळे वाचले. त्यांच्या योगविद्येची कथाही अशीच आहे. ती त्यांनी कुरुगै कावलप्पन या एकाच शिष्याकडे सोपवली आणि योग्य वेळी नातवाला द्यावी असे सुचवले. कावलप्पनांनी यामुनाचार्यांना दिवस नेमून दिला. यामुनाचार्य त्या वेळी तिरुवनंतपुरमला गेले होते. दिवसाची आठवण झाली तेव्हा उशीर झाला होता आणि ती विद्या तेथेच संपली. दुसऱ्यांची गीते जपणाऱ्या या आचार्यांचे स्वतःचे ग्रंथ मात्र काळाने गिळले.

त्यांच्या अंतकाळाची हकीकतही परंपरेने जपली आहे. शिकारीहून परतणारा राजा, राणी आणि त्यांचे सोबती नाथमुनींच्या घरावरून गेले. नाथमुनी त्या वेळी समाधीत होते. कन्येने वर्णन सांगताच राम, सीता, लक्ष्मण आणि हनुमानच येऊन गेले, अशी त्यांची खात्री झाली. ते त्या दिशेने धावत निघाले आणि वाटेतच कोसळले. त्यांचे कार्य शिष्य उय्यक्कोंडार, मग मणक्काल नंबी, यामुनाचार्य असे रामानुजाचार्यांपर्यंत पोहोचले.

शब्द सुरक्षित राहिले. सुरांचे तसे झाले नाही. चौदाव्या शतकात श्रीरंगम्‌वरील आक्रमणानंतर तेथील उत्सवमूर्ती अनेक वर्षे परागंदा होती आणि १३७१ मध्ये ती परत आली. अशा खंडांत गायनाची साखळी विस्कळीत झाली. प्रबंधाच्या पोथ्यांत पदांवर पण् आणि तालांची नावे आढळतात, पण ती प्रत्यक्ष कशी गायची हे सांगणारे फारसे कोणी उरले नाही. बहुतेक मंदिरांत आज दोन-तीन स्वरांत समूहाने केलेले पठणच ऐकू येते.

विसाव्या शतकात अरियक्कुडी रामानुज अय्यंगार यांनी आंडाळच्या तिरुप्पावैच्या तीस पाशुरांना कर्नाटक रागांत बांधले आणि एम. एल. वसंतकुमारी यांच्या ध्वनिमुद्रिकेने ती घरोघरी पोहोचवली. आकाशवाणीच्या केंद्रांवरून मार्गळीच्या पहाटे तिरुप्पावै प्रसारित होऊ लागली. श्रीराम भारती यांनी अरैयरांच्या गायनाचा अभ्यास करून प्रबंध पुन्हा गाता व्हावा यासाठी परिश्रम घेतले. संपूर्ण प्रबंधाचा त्यांचा इंग्रजी अनुवाद २००० मध्ये प्रसिद्ध झाला. या नव्या चाली मधुर आहेत, मात्र त्यांना नाथमुनींच्या चाली म्हणता येत नाही. त्यातल्या त्यात अरैयरांचे टाळावरचे गायन जुन्या वळणाच्या जवळचे असावे. म्हणून साथसंगतीविना केलेल्या अशा गायनाच्या ध्वनिमुद्रणाला विशेष मोल आहे.

आनी महिन्यात, म्हणजे साधारण जून-जुलैमध्ये, अनुराधा नक्षत्रावर नाथमुनींची जयंती असते. काट्टुमन्नारकोविलला त्या दिवशी प्रबंधाची गोष्ठी जमते. तिरुवायमोळीच्या पठणात पाचव्या शतकातील आठवा दशक आला की आरावमुदनाची ती दहा पाशुरे येतात आणि त्यांच्यामागून हजाराचा आकडा सांगणारे अकरावे पद.