लोकनायक आणि नाशिकचा तुरुंग

विद्यार्थिमित्रांनो, नाशिकरोडला तुम्ही कधी गेला असाल, तर जेलरोड हे नाव तुमच्या कानावर पडले असेल. त्या रस्त्यावर मध्यवर्ती तुरुंग आहे, म्हणून रस्त्याला ते नाव पडले. १९३२ साली याच तुरुंगात मद्रासहून एक कैदी आणला गेला. उंच, सावळा, कमी बोलणारा. तो बिहारचा होता. अमेरिकेत सात वर्षे राहून आलेला होता आणि त्याचे वय होते अवघे तीस. त्याचे नाव जयप्रकाश नारायण. पुढे लोक त्यांना लोकनायक म्हणू लागले, काहीजण नुसते जे. पी. म्हणत.

त्यांची गोष्ट मी तुम्हांला एका खास कारणासाठी सांगणार आहे. आज तुम्ही चौदा-पंधरा वर्षांचे आहात. देश कसा चालावा, कोणता पुढारी चांगला, कोणता वाईट, याविषयी तुमची काही मते बनू लागली असतील. घरी वडीलधाऱ्यांशी वादही होत असतील. मग वडील म्हणत असतील की मोठा झालास की कळेल. हे ऐकून तुम्हांला रागही येत असेल. माणूस मोठा झाला की त्याची मते बदलतात का? बदलली तर तो शहाणा झाला असे समजायचे, की त्याने साथ सोडली असे? जयप्रकाशांना हा प्रश्न आयुष्यभर विचारला गेला. शत्रूंनी विचारला आणि मित्रांनीही विचारला.

११ ऑक्टोबर १९०२ रोजी सिताबदियारा या गावी त्यांचा जन्म झाला. गंगा आणि घाघरा या नद्यांच्या संगमाजवळचे हे गाव. वडील हरसू दयाळ कालवा खात्यात नोकरीला होते. शिकण्यासाठी मुलाला पाटण्याला पाठवले गेले. मुलगा हुशार निघाला, त्याने शिष्यवृत्ती मिळवली आणि विज्ञान शाखेत प्रवेश घेतला. त्या वयात त्याच्या मनात बंगालच्या क्रांतिकारकांविषयी मोठे आकर्षण होते. बाँब आणि पिस्तूल यांच्या कथा कोणत्या मुलाला आवडत नाहीत?

१९२० साली त्यांचे लग्न झाले. पत्नी प्रभावती त्यांच्याहून लहान होती. तिचे वडील ब्रजकिशोर प्रसाद हे चंपारणच्या सत्याग्रहात गांधीजींबरोबर काम केलेले वकील होते. म्हणजे सासरच्या बाजूने गांधीजी घरात आलेच. पण जयप्रकाशांना खरा धक्का दिला तो एका भाषणाने. जानेवारी १९२१ मध्ये मौलाना अबुल कलाम आझाद पाटण्यास आले. मौलानांच्या तकरिरींविषयी तुम्ही तुमच्या उर्दूच्या पुस्तकात वाचले असेलच. सरकारी कॉलेजे सोडा, असे त्यांनी विद्यार्थ्यांना आवाहन केले. ते शब्द ऐकणाऱ्यांत अठरा वर्षांचे जयप्रकाशही होते. परीक्षा अगदी तोंडावर आली होती. त्यांनी कॉलेज सोडले.

घरच्यांना काय वाटले असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

काही काळ ते बिहार विद्यापीठात शिकले. असहकाराच्या चळवळीतून निघालेली ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था होती. पण तेथे पुढील विज्ञान शिकण्याची सोय नव्हती, आणि सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत पाऊल ठेवायचे नाही, असा त्यांचा हट्ट होता. म्हणून १९२२ साली कलकत्त्याहून मालवाहू जहाजाने ते अमेरिकेला निघाले. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. प्रभावती भारतातच राहिल्या. त्यांना गांधीजींच्या साबरमती आश्रमात आसरा मिळाला.

अमेरिकेत पैशाची ओढाताण होती. जयप्रकाशांनी द्राक्षांच्या मळ्यात काम केले, फळे वाळवली, डब्यांत भरली, हॉटेलात बशा विसळल्या, खाटीकखान्यात काम केले. आपल्या नाशिकच्या मुलांना द्राक्षाचा मळा म्हणजे काय, हे सांगायला नको. पण हंगामात दिवसभर उन्हात राबणारा मजूर संध्याकाळी किती थकतो, ते मजुराच्या मुलालाच ठाऊक. कॅलिफोर्नियातील विद्यापीठाने फी वाढवली, तेव्हा ते आयोवाला गेले. तेथून विस्कॉन्सिन आणि शेवटी ओहायो. विस्कॉन्सिनला त्यांची मार्क्सच्या विचारांशी ओळख झाली. श्रीमंतांच्या हातात कारखाने आणि जमिनी आहेत, म्हणून गरीब गरीब राहतो, ते हिसकावून समाजाच्या मालकीचे केले पाहिजेत, हे त्यांना पटले. स्वतः हाताने मजुरी केल्यामुळे ते अधिकच पटले असावे, असे मला वाटते. विज्ञान सोडून ते समाजशास्त्राकडे वळले आणि एम. ए. झाले.

१९२९ च्या नोव्हेंबरात ते परतले तेव्हा पक्के मार्क्सवादी होते. आणि घरी कोण होते? आश्रमात राहून सूत कातणाऱ्या, ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या प्रभावतीदेवी. पती मार्क्सला मानणारा आणि पत्नी गांधींना मानणारी. हा संसार कसा टिकला, याचे नवल वाटते. पण तो टिकला. जयप्रकाशांनी पत्नीच्या व्रताचा मान राखला आणि प्रभावतीदेवींनी त्यांच्या मतांचा.

रशियातील क्रांतीचे चाहते असूनही ते कम्युनिस्ट पक्षात गेले नाहीत. त्या वेळी भारतातील कम्युनिस्ट काँग्रेसच्या लढ्यापासून दूर राहिले होते. सारा देश मिठाचा सत्याग्रह करीत असताना बाजूला उभे राहणे जयप्रकाशांना चूक वाटले. जवाहरलाल नेहरूंनी त्यांना काँग्रेसच्या मजूर विभागाचे काम दिले. १९३२ मध्ये मोठे पुढारी पकडले गेले, तेव्हा जयप्रकाश गुप्तपणे संघटना चालवू लागले. सप्टेंबरात मद्रासला ते पकडले गेले आणि त्यांची रवानगी नाशिकला झाली.

आता त्या तुरुंगात कोण कोण होते ते पाहा. अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन, काशीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून आलेले. मुंबईचे मिनू मसानी, पारशी बॅरिस्टर. पुण्याचे एस. एम. जोशी आणि नानासाहेब गोरे. या दोघांनी १९२९ साली पुण्याच्या पर्वती मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह केला होता आणि सनातन्यांचा राग ओढवून घेतला होता. अशोक मेहता तर जेमतेम एकवीस वर्षांचे होते. सगळे तरुण, सगळे शिकलेले, आणि सगळे थोडे नाराज. सत्याग्रहाची चळवळ मंदावली होती. स्वराज्य मिळाले तर ते कोणाचे असेल, जमीनदाराचे की कुळाचे, गिरणीमालकाचे की कामगाराचे, यावर त्यांच्यात चर्चा चाले. सरकारने त्यांना गप्प बसवण्यासाठी एकत्र कोंडले आणि झाले उलटेच. एरवी या मंडळींची गाठ इतके दिवस कधी पडली असती?

याच नाशिक शहरात काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी १९३० साली सुरू केलेला सत्याग्रह अजून संपला नव्हता. तुरुंगाच्या भिंतीच्या आत समतेची चर्चा चालू होती आणि गावात समतेसाठी लोक लाठ्या-दगड सोशीत होते. या दोन गोष्टींची गाठ तेव्हा पडली असती तर बरे झाले असते, असे आज वाटते.

तुरुंगातील चर्चेतून काँग्रेसमध्ये राहून काम करणारा एक समाजवादी गट काढण्याची कल्पना निघाली. मे १९३४ मध्ये पाटण्याला आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि त्याच वर्षी काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. जयप्रकाश त्याचे सरचिटणीस झाले. मुंबईचे युसुफ मेहेरअली हेही या पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. ते पुढे १९४२ साली मुंबईचे महापौर झाले.

जयप्रकाशांना सर्व डाव्यांची एकजूट हवी होती. म्हणून १९३६ साली त्यांनी कम्युनिस्टांना आपल्या पक्षात घेतले. मसानी वगैरे मित्रांनी सावध केले होते. त्यांनी ऐकले नाही. चार वर्षांनी कम्युनिस्टांना बाहेर काढावे लागले, तेव्हा दक्षिणेतील पक्षाच्या शाखाच्या शाखा त्यांच्याबरोबर निघून गेल्या. त्याच सुमारास रशियात स्टालिनने आपल्या जुन्या सहकाऱ्यांवर खटले भरून त्यांना ठार केल्याच्या बातम्या येत होत्या. ज्या क्रांतीवर जीव टाकला, ती आपल्याच मुलांना खाते, हे पाहून जयप्रकाशांचे मन हलले. तरीही समाजवाद त्यांनी सोडला नाही. मसानींनी मात्र सोडला.

शस्त्राविषयीचे मत अजून जुनेच होते. १९४१ मध्ये राजस्थानातील देवळीच्या छावणीत कैदेत असताना त्यांनी काही कागद गुपचूप प्रभावतीदेवींच्या हाती देण्याचा प्रयत्न केला. ते पकडले गेले. त्यांत सशस्त्र मार्गाचा विचार होता. सरकारने कागद छापून त्यांची बदनामी केली. नोव्हेंबर १९४२ मध्ये, दिवाळीच्या रात्री, पाच साथीदारांसह धोतरांना गाठी मारून ते हजारीबागच्या तुरुंगाची भिंत उतरले आणि पसार झाले. नेपाळच्या हद्दीत त्यांनी तरुणांची सशस्त्र तुकडी उभी केली. सप्टेंबर १९४३ मध्ये अमृतसरला ते पकडले गेले. लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला, त्यांना दिवसरात्र झोपू दिले गेले नाही. १९४६ साली सुटले तेव्हा ते देशभरच्या तरुणांचे दैवत झाले होते.

यानंतर दोन वर्षांनी ते पुन्हा नाशिकला आले. या खेपेस कैदी म्हणून नव्हे. मार्च १९४८ मध्ये समाजवादी पक्षाचे अधिवेशन नाशिकला भरले आणि काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय तेथे झाला. या शहरातील तुरुंगात जो गट सुचला, तो याच शहरात काँग्रेसपासून वेगळा झाला. गांधीजींची हत्या होऊन दोन महिनेही झाले नव्हते. सरचिटणीस या नात्याने जयप्रकाशांनी जे मांडले, ते ऐकून पुष्कळ कार्यकर्ते चकित झाले. चांगले ध्येय वाईट साधनांनी गाठता येत नाही, साधनेही शुद्धच हवीत, हा गांधीजींचा विचार आता जयप्रकाश मांडत होते. हजारीबागची भिंत उतरणाऱ्या माणसाकडून हे कोणी अपेक्षिले नव्हते. गांधीजी हयात असताना जयप्रकाश त्यांच्याशी वाद घालीत राहिले आणि ते गेल्यावर त्यांच्याकडे वळले.

१९५२ च्या निवडणुकीत पक्षाचा दारुण पराभव झाला. त्याच वर्षी पुण्यात जयप्रकाशांनी एकवीस दिवसांचा उपवास केला. पडल्या पडल्या त्यांनी स्वतःलाच एक प्रश्न विचारला. जग म्हणजे केवळ जड वस्तूंचा खेळ असेल, तर माणसाने चांगले का वागावे? मार्क्सच्या तत्त्वज्ञानात त्यांना याचे उत्तर सापडले नाही आणि त्यांनी ते तत्त्वज्ञान बाजूला ठेवले. १९५४ मध्ये बोधगया येथे त्यांनी विनोबांच्या भूदान चळवळीला आपले जीवन वाहिले आणि १९५७ साली पक्षही सोडला. जे तरुण त्यांच्यासाठी घरदार सोडून आले होते, ते मध्येच उघडे पडले. त्यांचा राग मला समजू शकतो. नेत्याचे विचार बदलतात, पण त्याच्या मागे आलेल्याची उमेदीची वर्षे परत येत नाहीत.

नाशिकच्या तुरुंगातले मित्रही एका वाटेने राहिले नाहीत. अच्युतरावांनी १९५० मध्येच राजकारण सोडले आणि ते शिक्षणाकडे वळले. मिनू मसानी १९५९ साली निघालेल्या स्वतंत्र पक्षाचे एक संस्थापक झाले. उद्योगधंद्यांत सरकारने हात घालू नये असे हा पक्ष म्हणत होता, म्हणजे तरुणपणाच्या मताच्या अगदी उलट. अशोक मेहता काँग्रेसमध्ये परतून केंद्रात मंत्री झाले आणि पुढे इंदिरा गांधींपासून दुरावले. एस. एम. जोशी आणि नानासाहेब गोरे मात्र समाजवादीच राहिले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पुढे होते. मते सर्वांत कमी बदलली ती या दोघांची, आणि म्हणून ते लहान ठरत नाहीत.

१९७३ मध्ये प्रभावतीदेवी वारल्या. जयप्रकाश थकले होते, सत्तरी उलटली होती. तोच बिहारचे विद्यार्थी महागाई आणि भ्रष्टाचार यांविरुद्ध उठले आणि त्यांनी जयप्रकाशांना पुढारपण करण्याची गळ घातली. ५ जून १९७४ रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. विद्यार्थ्यांनी एक वर्ष वर्ग सोडून समाजासाठी द्यावे, असे त्यांनी आवाहन केले. ज्या शहरात मौलानांचे ऐकून त्यांनी कॉलेज सोडले होते, त्याच शहरात त्रेपन्न वर्षांनी ते स्वतः तेच सांगत होते. पुष्कळ विद्यार्थी त्यांच्यामागे गेले. पुष्कळांनी परीक्षा दिल्या.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली आणि त्यांना अटक झाली. कैदेत त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. सुटल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात यंत्राने रक्त शुद्ध करून त्यांना जगवावे लागले. १९७७ च्या निवडणुकीत त्यांच्या पुढाकाराने एकत्र आलेला जनता पक्ष निवडून आला, पण त्यांनी स्वतः कोणतेही पद घेतले नाही. जुलै १९७९ मध्ये आपसांतील भांडणांनी ते सरकार कोसळले. अंथरुणावर पडून त्यांना तेही पाहावे लागले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्याला त्यांचे निधन झाले. नाशिकच्या तुरुंगातील अच्युतराव, मसानी, एस. एम., नानासाहेब आणि अशोक मेहता हे पाचही मित्र तेव्हा हयात होते.